मेफ्लॉवरची वारस नोंद

विहीणबाईंनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही कागदांत आयुष्य काढलंय ना? मग हे बघा." डब्यात फोटो होते, चार-पाच मृत्यूचे दाखले होते, वर्तमानपत्रातली पिवळी पडलेली कात्रणं होती आणि त्यांच्या मावशीने टाइप केलेला एक भलामोठा तक्ता होता. चार घड्या घातलेला, घड्यांवर विरलेला. तक्त्याच्या डोक्यावर एक ढालीचं चिन्ह रंगवलेलं. त्याच्या खाली नाव: स्टीफन हॉपकिन्स, मेफ्लॉवर, १६२०.

मी महसूल खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये. निवृत्तीनंतर लेकीकडे बोस्टनजवळ सहा महिने राहायला गेले होते. नोव्हेंबर. साडेचारला अंधार. लेक आणि तिकडचाच जावई कामावर, नात शाळेत. किती कूट करून ठेवणार आणि किती भाजण्या? त्यामुळे डबा आला तो बरंच झालं.

मेफ्लॉवर म्हणजे इंग्लंडहून १६२० साली मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागलेलं जहाज. १०२ प्रवासी. पहिल्या हिवाळ्यात जवळजवळ निम्मे मेले. जे तगले त्यांचा विस्तार आज एवढा झालाय, की तिकडे बऱ्याच जुन्या घरांत 'आम्ही मेफ्लॉवरचे' असं सांगतात. आपल्याकडे प्रत्येक घराचा एक पूर्वज पानिपतावर असतो, तसंच. फरक इतकाच की तिकडे १८९७ साली स्थापन झालेली वंशजांची एक सोसायटी आहे आणि ती म्हणते, पुरावा आणा.

पुरावा म्हणजे काय, ते तिचा अर्ज वाचल्यावर कळलं आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. प्रत्येक पिढीला जन्म, लग्न, मृत्यू. प्रत्येक जोडाला कागद. 'आजी सांगायची' चालत नाही. आमच्या भाषेत, फेरफाराशिवाय नाव लागत नाही. त्यातही एक सोय आहे. पहिल्या पाच पिढ्यांचं संशोधन सोसायटीने स्वतःच करून रुपेरी बांधणीच्या ग्रंथांत छापून ठेवलंय. म्हणजे वरचे पाच फेरफार प्रमाणित. तिथपर्यंत आपण खालून जाऊन पोचायचं.

विहीणबाईंना हॉपकिन्सपासून सुरुवात करायची होती. मी म्हटलं, नाही. आज उताऱ्यावर कोणाचं नाव आहे तिथून मागे जायचं. आधी तुमचा जन्मदाखला काढा. त्यांचं तोंड थोडं उतरलं. त्यांना वाटलं होतं, जहाजापासून सुरू करू आणि वादळं वगैरे येतील.

मागे जाणं सुरुवातीला सोपं होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये १८४१ पासून जन्म-मृत्यू-लग्नांची राज्यभर नोंद आहे, आणि १८५० च्या खानेसुमारीपासून घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहिलंय. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे आकडे. अर्थात १८५० च्या यादीत नावं असली तरी नातं लिहिलेलं नाही. तो रकाना १८८० ला आला. त्यामुळे घरात राहणारी वीस वर्षांची मुलगी लेक आहे, पुतणी आहे की कामवाली, हे कागद सांगत नाही. मावशीच्या तक्त्यात अशी एक कामवाली लेक होऊन बसली होती, ती मी काढली. विहीणबाई दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या.

हा वंश पुढे आला होता तो बायकांमधून. विहीणबाई, त्यांची आई, आजी, पणजी अशा सलग सात जणी. लग्नागणिक आडनाव बदलतं, म्हणजे सात पिढ्यांत सात आडनावं, आणि दर वेळी नवं घर, नवं गाव. जावयाने डीएनए चाचणीचं किट मागवायची तयारी केली. मी म्हटलं, तेवढे पैसे वाचव. बारा पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या ४,०९६ जागा होतात. त्यातल्या एका जागेवरच्या माणसाचं काहीतरी आपल्यात उरलं असेलच असं नाही, आणि उरलं तरी ते त्याचंच हे सांगायला पुन्हा कागदच लागणार.

माझ्या माहेरचा कुलवृत्तांत आहे. छापील, जाड, कापडी बांधणीचा. त्यात माझं नाव वडिलांच्या नावाखाली आहे, नवऱ्याचं नाव आणि गाव आहे आणि तिथे ओळ संपते. माझी लेक त्यात नाही, कारण ती दुसऱ्या कुळाची. नात कुठून असणार? तेव्हा या सात जणींच्या मागे मी जरा हट्टानेच लागले असेन.

अडलो सातवीवर. ती विहीणबाईंपासून मागे मोजली तर सातवी आणि हॉपकिन्सपासून पुढे मोजली तरी सातवी. तिचं नाव इथे लिहीत नाही. वहीतही मी तिला 'सातवी' म्हणत असे. जन्म १७७८ च्या आसपास, केप कॉडच्या ईस्टहॅम गावातला. हाच तो समुद्रात कोपरात वाकवलेल्या हातासारखा घुसलेला वाळूचा पट्टा. १७९७ ला ईस्टहॅममधून ऑर्लीन्स वेगळं निघालं, त्यामुळे एकाच घराच्या नोंदी दोन गावांच्या दप्तरांत विभागलेल्या. तालुका विभाजनानंतर आमच्याकडे जे व्हायचं तेच.

त्यात ईस्टहॅममध्ये त्याच नावाच्या आणि त्याच आडनावाच्या दोन मुली, तीन वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या. एक हॉपकिन्सच्या वंशातली, दुसरी नाही. त्यातली एक एका खलाशाशी लग्न करून ऑर्लीन्सला गेली. कुठली? लग्नाच्या नोंदीत वधूवरांची नावं आणि गाव, बस. आईबापांचं नाव लिहायची पद्धतच नव्हती. खरेदीखतं बघावीत तर बार्नस्टेबल काउंटीचं कचेरीघर १८२७ ला जळालं आणि जमिनीची बहुतेक सगळी दप्तरं त्यात गेली. हे वाचलं तेव्हा मला आमच्या रेकॉर्ड रूममधला दप्तरं ठेवायचा, वाळवी लागलेला लाकडी घोडा आठवला. त्या घोड्यावरच्या गावांचे लोक अजून खेटे घालत असतील.

पण मयताच्या मालमत्तेची दप्तरं त्या आगीतून बरीचशी वाचली होती. त्यांची चित्रं आता संगणकावर बघता येतात. नऊ दिवस मी ती एकामागून एक चाळली. रोज लेक विचारायची, "आई, चष्म्याचा नंबर वाढवून जाणार आहेस का?"

अक्षर वाचायची मला अडचण पडली नाही, याचं तिथल्या लायब्ररीतल्या बाईंना नवल वाटलं. बोस्टनला न्यूबरी स्ट्रीटवर वंशावळींची एक मोठी संस्था आहे, १८४५ सालची. तिथे आम्ही दोनदा गेलो. त्या बाईंनी मला सतराव्या शतकातल्या लिपीचा तक्ता दिला: उलटा 'इ', रेघेखाली लोंबणारा 'एच', 'आर'सारखा दिसणारा 'सी', 'एफ'सारखा लांब 'एस'. मी मोडी शिकलेली बाई. टाक न उचलता लिहिलेली मोडी, जिच्यात ऱ्हस्व-दीर्घ नाही आणि शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ठरवायचं, तिच्यापुढे हे म्हणजे बालबोध. दोन्हीकडे युक्ती एकच. अक्षर ओळखायला जायचं नाही, लिहिणाऱ्याची सवय ओळखायची. एका पानावर त्याने 'जॉन' कसा लिहिलाय ते धरलं की पुढचं पान आपोआप उलगडतं.

तारखांचंही तसंच. तेव्हा इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतल्या तारखेला दोन सनं लिहितात, १६०७/८ अशी. १७५२ ला त्यांनी पंचांग बदललं आणि २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. विहीणबाईंना यात फार गोंधळायला व्हायचं. मला काय, शक, संवत्, फसली, सुहूर सगळं एका कागदावर पाहायची सवय. आणि मार्चअखेरीला वर्ष सुरू होणं यात चुकीचं काय आहे? पाडवा कधी असतो?

शब्द मात्र फसवतात. 'ज्युनिअर' म्हणजे मुलगाच असं नाही. गावात त्याच नावाचा थोरला माणूस असला की धाकटा 'ज्युनिअर', मग तो पुतण्या असो की परका. थोरला मेला की हाच 'सीनिअर' होतो. 'सून' किंवा 'सासू' असं वाचलं तर ती सावत्र मुलगी, सावत्र आईही असू शकते. मृत्युपत्रात 'माझी सध्याची बायको' असं आलं, की मावशीच्या तक्त्यात लगेच एक पहिली बायको काढलेली. तो नुसता वकिली सावधपणा असतो: मालमत्ता हिलाच, पुढे दुसरी केली तर तिला नाही.

नवव्या दिवशी सापडली. सातवीच्या बापाच्या मालमत्तेची वाटणी. कायद्याने विधवेला तहहयात एक तृतीयांश, आणि तो तिसरा हिस्सा घर मोजून काढलेला. पूर्वेकडची खोली, तिच्यावरचा माळा, तळघराचा अमुक भाग, परसातली वाट, विहिरीवर येण्या-जाण्याचा हक्क आणि भट्टीत पाव भाजायचा हक्क. मला हसूच आलं. आमच्याकडच्या वाटणीपत्रांत विहिरीच्या पाण्याची पाळी आणि सामाईक उंबरा असतो, अगदी तेच. दोन भावांत आईचं माप घ्यायचं काम जगात कुठेही कारकुनानेच करायचं. आणि खाली उरलेल्या हिश्श्यांत, एका ओळीत: मुलगी अमुक, ऑर्लीन्सच्या तमुक खलाशाची बायको. हिस्सा, खारजमिनीचा एक तुकडा.

मी विहीणबाईंना फोन लावला. रात्रीचे साडेदहा झाले होते. त्या म्हणाल्या, "काय झालं? कोण गेलं?" मी म्हटलं, "कोणी गेलं नाही. सातवी सापडली."

तिच्या नवऱ्याचा मृत्यूचा दाखला मिळाला नाही, तो पाण्यात गेला. त्या किनाऱ्यावर असे फार. ट्रूरो गावात १८४१ च्या ऑक्टोबरातल्या वादळात बुडालेल्या ५७ गावकऱ्यांचा एकच दगड आहे. आमचा खलाशी त्याच्या कितीतरी आधीचा. सातवीच्या दगडावर 'अमक्याची विधवा' असं कोरलंय आणि वय वर्षं, महिने, दिवस असं दिलंय. वजाबाकी केली की जन्मतारीख निघते. ती दोघींपैकी आमच्याच मुलीशी जुळली.

तिथून वर रुपेरी ग्रंथ. आणि तिथेच मावशीचा तक्ता कोसळला.

मावशीने लिहिलं होतं: स्टीफन हॉपकिन्स, ग्लॉस्टरशरमधला कापडवाल्याचा मुलगा, पहिली बायको कॉन्स्टन्स डडली. डडली म्हणजे मोठं घराणं, म्हणून ते ढालीचं चिन्ह. इंटरनेटवरच्या अनेक वंशवृक्षांत हे अजून असंच आहे. एकाने लिहिलं, शंभरांनी उतरवलं. खरं म्हणजे १९९८ साली केलेब जॉन्सन या संशोधकाने हॅम्पशरमधल्या हर्सली गावच्या चर्चच्या वहीत हॉपकिन्सच्या मुलांचे बाप्तिस्मे शोधून काढले: कॉन्स्टन्स ११ मे १६०६, गाइल्स ३० जानेवारी १६०७/८. बायकोचं नाव मेरी. पुढे खुद्द स्टीफनचा बाप्तिस्माही सापडला, त्याच परगण्यात अप्पर क्लॅटफर्डला, ३० एप्रिल १५८१. इंग्लंडमध्ये चर्चनी अशा वह्या ठेवायचा हुकूम १५३८ चा आहे. त्र्यंबकेश्वरचे गुरुजी गाव-आडनाव विचारून वही काढतात, तशा या गावागावच्या वह्या.

"म्हणजे मावशी खोटं लिहून गेली?" विहीणबाई.

"खोटं नाही हो. ऐकीव."

त्या बराच वेळ ढालीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "चिन्ह रंगवायला तिला महिना लागला होता."

मला मात्र ही मेरी डडलीबाईपेक्षा फार खरी वाटली. तिचा नवरा १६०९ ला व्हर्जिनियाला निघालेल्या सी व्हेंचर जहाजावर गेला. जहाज बर्म्युडाला फुटलं. तिथे त्याने गव्हर्नरविरुद्ध बंड केलं, फाशीची शिक्षा झाली, बायकापोरांचं वाटोळं होईल म्हणून रडला-भेकला आणि सुटला. तिथून जेम्सटाउन. इकडे हर्सलीत मेरी १६१३ ला वारली. तिच्या सामानसुमानाची यादी झाली मे महिन्यात आणि त्या यादीत तिला 'विधवा' लिहिलंय. नवरा जिवंत! चार वर्षं माणूस आला नाही, म्हणून कारकुनाने मयत धरला. जिवंत माणूस मयत दाखवून केलेले फेरफार मी नोकरीत पाहिलेत, त्यातले बहुतेक मुद्दाम केलेले होते. हा बहुधा नसावा.

स्टीफन परत आला, लंडनमध्ये व्हाइटचॅपलला १६१८ च्या फेब्रुवारीत एलिझाबेथ फिशरशी लग्न केलं आणि दोन वर्षांनी सगळ्यांना घेऊन मेफ्लॉवरवर चढला. बायको गरोदर, मूल भर समुद्रात झालं, त्याचं नाव ओशनस. कॉन्स्टन्स तेव्हा चौदा वर्षांची.

आमचा वंश या कॉन्स्टन्सचा. तिचं लग्न निकोलस स्नोशी झालं. लग्नाची नोंद नाही. मग पुरावा काय? गुरं! मे १६२७ ला मेफ्लॉवरवाल्यांच्या प्लिमथ वसाहतीने गुरांची वाटणी केली, माणसांचे बारा गट पाडून. गटातल्या प्रत्येकाचं नाव लिहिलं, अगदी तान्ह्या पोरांसकट. हॉपकिन्सच्या गटात निकोलस स्नो आणि त्याच्यापुढे कॉन्स्टन्स स्नो. म्हणजे तोवर लग्न झालेलं. गटाच्या वाट्याला दूध तुटलेलं एक काळं वासरू आलं. वंशावळीतला पहिल्या पिढीचा जोड वासराच्या जिवावर उभा आहे, हे मला फार आवडलं. ज्याने ती यादी केली त्याच्या मनात वंशबिंश काही नव्हतं, त्याला फक्त भांडण नको होतं. असाच कागद खरा बोलतो.

आणि मग स्टीफनचं मृत्युपत्र, ६ जून १६४४. दुसरी बायकोही तेव्हा गेलेली. तिच्याजवळ पुरा, असं त्याने सांगितलंय. मुलगा गाइल्सला मोठा वळू, जो सध्या मिसेस वॉरन यांच्याकडे आहे. नातवाला वीस शिलिंग, तेही मिसेस वॉरनकडूनच येणं, वळूच्या भाड्यापोटी. आणि मुलगी कॉन्स्टन्स, निकोलस स्नोची बायको, हिला घोडी. झालं. बाप, लेक, जावई एका ओळीत. याहून चांगली वारस नोंद मी एकतीस वर्षांत पाहिली नाही. गावकऱ्यांशी मात्र त्याचं फारसं पटत नसावं: घरात रविवारी दारू पिऊ दिली, नऊ पेन्सचा आरसा सोळा पेन्सला विकला, अशा तक्रारी कोर्टाच्या दप्तरात आहेत. विहीणबाईंचे यजमान हे ऐकून खूश झाले. त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं.

एप्रिलमध्ये सगळे ईस्टहॅमला गेलो. कोव्ह नावाची जुनी दफनभूमी आहे, हमरस्त्याला लागून. कॉन्स्टन्स १६७७ ला गेली, तिचा दगड तिथे आहे. तिला बारा मुलं झाली आणि बाराही जिवंत होती, असं प्लिमथचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड याने लिहून ठेवलंय, पण सगळ्या बारांची नावं कागदांत सापडत नाहीत. जवळच एक समुद्रकिनारा आहे. १६२० च्या डिसेंबरात हॉपकिन्स आणि सोबतचे लोक तिथे पहिल्यांदा नॉसेट या तिथल्या मूळच्या लोकांशी भिडले, बाण आणि बंदुका. त्याआधी यांनी त्यांचं पुरून ठेवलेलं मक्याचं बी काढून नेलं होतं. नातीने विचारलं, "आजी, मग ही जागा त्यांची ना? त्यांच्या वह्या कुठे आहेत?" मी म्हटलं, त्यांच्याकडे कारकून नव्हते. एवढंच सुचलं.

विहीणबाईंचा अर्ज मंजूर झाला. मग त्यांनी नातीचाही भरायचा ठरवला, आणि त्यासाठी नातीच्या आईबापांच्या लग्नाचा दाखला हवा. लग्न इकडे, आमच्या जिल्ह्याच्या गावी लागलेलं. मी परत आल्यावर ट्रंकेतून दाखला काढला, भाषांतर करून घेऊन पाठवावा म्हणून. तो नीट वाचला पंधरा वर्षांत पहिल्यांदा. जावयाचं मधलं नाव त्याच्या पणजोबांचं आहे, तिकडे तशी रीत. आमच्या कारकुनाने आपल्या रिवाजाप्रमाणे मधलं नाव ते बापाचं धरून 'वडिलांचे नाव' या रकान्यात तेच चढवलेलं. कागदावर माझा जावई स्वतःच्या पणजोबांचा मुलगा.

चारशे वर्षांचे सगळे जोड लागले आणि तुटला तो माझ्या गावात, माझ्या सहीसमोर. साक्षीदार म्हणून खाली सही माझीच आहे.

दुरुस्तीचा अर्ज घेऊन गेले. खिडकीवर विशी-बाविशीचा मुलगा होता. म्हणाला, "मावशी, कारणाचा रकाना रिकामा ठेवलाय."

मी पेन घेऊन लिहिलं: वारस नोंदीसाठी.

"शेती आहे का? कुठं?"

"केप कॉडला."

त्याने अर्ज उलटसुलट करून पाहिला. "तालुका?"